टाकी गेली, कौले गेली. भिंती तरी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरज–पंढरपूर मार्गावरील ओस पडलेल्या जुन्या नॅरोगेज स्थानकाची इमारत ‘वापरात नसल्याने’ पाडणार असल्याची बातमी कालच्या अंकात वाचून मनस्वी संताप आला. वापरात नसणे हे पाडण्यास पुरेसे कारण मानले, तर पन्हाळगडावरचा अंबरखानाही, म्हणजे जुने धान्यकोठारही, उद्या पाडावे लागेल.

ही नॅरोगेज गाडी, म्हणजे बार्शी लाईट रेल्वे, १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली आणि या भागातल्या गोरगरिबांना पंढरीची वाट सोपी झाली. आषाढीला आजीबरोबर जाताना मी हे स्थानक पाहिले आहे. इंजिन पाणी घेईपर्यंत गाडी येथे थांबे आणि तेवढ्यात वारकरी आपले तांबे भरून घेत. तिकीट खिडकीचा दगडी उंबरा असंख्य हातांनी घासून गुळगुळीत झाला होता. तो आजही जागेवर आहे.

ब्रॉडगेजचे काम चालू असताना पाण्याची लोखंडी टाकी, सिग्नलचे खांब आणि नावाची पाटी जपावी, असा लेखी अर्ज मी संबंधित कार्यालयात दिला होता. पोचेचा शिक्का मिळाला, उत्तर मात्र आजतागायत आलेले नाही. दरम्यान टाकी भंगारात गेली, कौले उतरवली गेली आणि फलाटाच्या कडेचे घडीव दगड दिवसाढवळ्या ट्रॅक्टरमध्ये भरून नेले गेले, तरी कोणी साधा पंचनामाही केला नाही. ज्यांनी राखण करायची त्यांनीच ही वास्तू उघडी टाकली आणि आता ती मोडकळीस आल्याचे तेच सांगत आहेत, याची मला चीड येते.

प्राचीन स्मारकांसाठी राज्याचा १९६० चा कायदा आहे. त्याखाली या वास्तूच्या संरक्षणाचा प्रस्ताव तातडीने पाठवावा आणि तोवर पाडकाम थांबवावे. दुरुस्ती चुन्यातच व्हावी, कारण जुन्या दगडी भिंतींवर सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि दगडाला पोपडे सुटतात. छप्पर घालून ही जागा वारीच्या दिवसांत मुक्कामासाठी ग्रामपंचायतीकडे द्यावी.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

ता. क. बातमीसोबतच्या छायाचित्राखाली या मार्गाला ‘मीटरगेज’ म्हटले आहे, ते चूक आहे. बार्शी लाईटचे रूळ अडीच फुटी होते. मीटरगेज होता तो १९७१ पूर्वीचा आपला कोल्हापूर–मिरज मार्ग. मिरजेला तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत, हे ठाऊक असलेली माणसे आपल्याच वाचकांत आहेत. कृपया दुरुस्ती छापावी.