वानर वेगळे, माकड वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील शीळकरी कस्तूर हा पक्षी आणि माकड यांची तुलना करणारा लेख वाचून काल दिवसभर गप्प बसलो. आज राहवले नाही. चौकटीत कस्तुरासमोर ‘संकटग्रस्त’ आणि माकडासमोर ‘चिंता नको’ असे ठळक छापले आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातील जाती नोंदवणाऱ्या लाल यादीत कस्तूर ‘किमान चिंता’ या वर्गात आहे, तर आमच्याकडचे टोपी माकड ‘असुरक्षित’ या वर्गात. हे माकड भारतीय द्वीपकल्पाबाहेर निसर्गात कुठेही आढळत नाही. त्यातही उत्तरेकडून ऱ्हीसस माकडे सरकत येऊन त्याची जागा घेत आहेत आणि ज्या वड-पिंपळांवर त्याच्या टोळ्या राहत, ते रस्तारुंदीकरणात गेले. ‘चिंता नको’ हा शेरा ऱ्हीससचा आहे.

माझे घर चिपळूण तालुक्यात पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लागून आहे. पावसाळ्यात पहाटे कस्तूर शीळ घालतो आणि तो थांबतो न थांबतो तोच माकडे कौलांवर उतरतात. गेल्या फाल्गुनात त्यांनी फणसाच्या कुयऱ्या एकेक घास घेऊन फेकून दिल्या, तीसेक कौले फोडली. त्यातले एक तर मळलेल्या कणकेच्या परातीत पडले. एवढे सोसूनही मी माकडाची बाजू घेतो, म्हणून घरचे हसतात. पण एका वाडीच्या छपरावर दिसणारी टोळी मोजून साऱ्या जातीची खुशाली कशी ठरवणार?

लेखात कस्तुराला अजून टर्डिडी या जुन्या कुळात ठेवले आहे, ते क्षम्य मानतो. तो आता माशीमारांच्या मस्सिकॅपिडी कुळात गेला, हे सर्वांपर्यंत पोहोचलेले नसेल. छायाचित्राला मात्र क्षमा नाही. काळ्या तोंडाच्या वानराचे चित्र छापून खाली ‘माकड’ लिहिणाऱ्या आपल्या विद्वान उपसंपादकांनी कोकणातले एखादे पोर विचारायला हवे होते. दोघांचे कुळ एक असले तरी प्रजाती वेगळ्या: माकड गालाच्या पिशवीत दाणे भरून पळते, वानराला ती पिशवीच नसते आणि ते मुख्यतः पाल्यावर जगते.

दुरुस्ती छापावी, तीही चौकटीतच. आणि जाता जाता, रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी दुपारच्या एस.टी.ने येते आणि तिच्यातले शब्दकोडे कोणीतरी आधीच निम्मे सोडवलेले असते, तेही चुकीचे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. चिपळूण