जुनी शस्त्रं बघायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठेही छापायचं नाही, ही तुमची अट पाळूनच हे पत्र लिहितो आहे. आभार मानायचे नाहीत अशी अट मात्र तुम्ही घातली नव्हती, तेवढ्या पळवाटेचा फायदा घेतो. हल्ली लोक मला फोटो पाठवतात. माळ्यावर सापडलेली तलवार, देवघरात पूजेला असलेला पट्टा, आजोळच्या वाड्यातलं भाल्याचं पातं. सोबत प्रश्न ठरलेला: "खरी आहे का, आणि कोणाची?" मी जे उत्तर देतो, त्यातलं जवळपास सगळं तुमच्याकडून आलेलं असतं. लोक मात्र "तुमचा अभ्यास दांडगा" म्हणून माझी पाठ थोपटतात. हे असंच चालू देणं बरं दिसत नाही.

"कोणाची" हा प्रश्न तुम्ही नेहमी शेवटाला ढकलायचात. बाकीचे लोक तलवार मुठीपासून बघतात, कारण नक्षी तिथे असते. तुम्ही ती आडवी धरून पात्याची पाठ डोळ्यांच्या रेषेत आणायचात आणि जाडी मोजायला व्हर्नियर मागायचात. परजेपाशी, म्हणजे मूठ संपते तिथल्या आडव्या पट्टीपाशी, सहा-सात मिलिमीटर, मध्यावर चार, टोकाकडे जाईपर्यंत दोन. हाताने घडवलेलं पातं असं उतरत जातं, कारण पुढचा भाग हलका असला तरच तलवार मनगटाला वळते. पट्टीतून कापून धार लावलेल्या शोभेच्या तलवारीत हा आकडा इथून तिथवर जागचा हलत नाही. घासून, पॉलिश करून, म्यानाला नवं मखमल चढवून बाकी सगळी रंगरंगोटी करता येते. ही उतरण मात्र घडवतानाच आणावी लागते, म्हणून फसवणारा सहसा त्या वाटेला जात नाही.

मग तराजू. पूर्वजांची तलवार मणाची होती, असं छाती फुगवून सांगणारे किती जण आले असतील तुमच्याकडे! तुम्ही वाद घालायचा नाहीत, फक्त तराजू पुढे सरकवायचात. जुन्या तलवारी बहुतेक करून किलोच्या आगेमागे भरतात. "तलवार हलकीच असते हो, जड असतात त्या तिच्या गोष्टी," हे तुमचं वाक्य मी बिनदिक्कत माझं म्हणून वापरतो. मूठ लहान बघून "तेव्हाची माणसंच लहानखुरी होती" म्हणणाऱ्यांनाही तुम्ही मूठ हातात धरायला लावायचात. तर्जनी परजेवरून पुढे न्यायची, तिथलं पातं मुद्दाम बोथट ठेवलेलं असतं. वरची चकती मनगटाशी टेकते आणि पंजा घट्ट बसतो. हा बोथट तुकडा इथे घडवलेल्या पात्यांवर सर्रास दिसतो, इराणी पात्यांवर बहुधा नसतो. एवढ्या बोटभर जागेवरून पात्याचा मुलूख ओळखायला सुरुवात करता येते, हे मला तुमच्याखेरीज कुणी सांगितलं नव्हतं.

पण तुमचं सर्वांत मोठं देणं वेगळंच आहे. मूठ आणि पातं ही दोन वेगळी माणसं समजून त्यांची विचारपूस वेगवेगळी करायची, हे तुम्ही शिकवलंत. तलवारीच्या पोकळ लोखंडी मुठीत लाखेचं मिश्रण भरून त्यात पात्याचं शेपूट तापवून बसवलेलं असतं. मूठ गरम केली की लाख सुटते आणि पातं बाहेर येतं. म्हणजे चांगलं पातं जुनी मूठ टाकून नव्या मुठीत जाणार, चांगल्या मुठीत मोडक्या पात्याऐवजी दुसरं येणार. पिढ्यान्‌पिढ्या हेच होत आलं. बाजारात अशा जोडीला "जुळवलेली" म्हणून नाक मुरडतात. तुमचं म्हणणं होतं की, जोड कधीची आहे ते आधी बघा. लाख जुनी, काळवंडलेली, तडकलेली असेल आणि परजेच्या कडेचा गंज पात्यावर अखंड उतरला असेल, तर ही सोयरीक जुनी आहे. फटीत पांढरट चकचकीत इपॉक्सी दिसला, तर कालची.

आणि आपल्या मुलखात तर हा मुद्दा सोडून चालतच नाही. मराठ्यांच्या धोप आणि फिरंग या लांब सरळ तलवारींची, पट्ट्याची कितीतरी पाती युरोपातून आलेली आहेत, मूठ इथली. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार 2025 साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून परत मिळवली, तेव्हा मला सगळ्यांत आधी तुमची आठवण झाली. पातं युरोपीय घडणीचं, मूठ मुल्हेरी पद्धतीची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी, म्हणजे पोलादात ठोकून बसवलेली नक्षी, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघूजींचं नाव, "सेनासाहेब सुभा" हा किताब आणि शेवटी "फिरंग", म्हणजे परदेशी पात्याची तलवार. पातं परदेशी आहे हे त्या काळच्या मालकाला लपवावंसं वाटलं नाही, उलट त्याने ते सोन्यात लिहून ठेवलं. बातमी वाचून काही जण हिरमुसले, "म्हणजे आपली नव्हेच की!" म्हणाले. त्यांना तुमच्याकडे पाठवायला हवं होतं.

पात्यावरच्या छापांबद्दल तुम्ही इतकं सांगितलंत की मी आता छाप बघितला की आधी संशयच घेतो. दातेरी अर्धचंद्रांची जोडी दिसली की लोक "जिनोव्हा" म्हणून मोकळे होतात. मुळात तो उत्तर इटलीतल्या पात्यांचा छाप, पण त्याची नक्कल युरोपात झाली, कॉकेशसमध्ये झाली आणि आपल्याकडेही झाली. धावत्या लांडग्याचं तसंच. आधी जर्मनीतलं पासाउ, मग तिथलंच झोलिंगेन, मग कुणीही. सोन्याच्या चौकटीत इराणातल्या इस्फहानच्या असदुल्ला या तलवार घडवणाऱ्याचं नाव असलेली पाती तर इतकी आहेत की तो माणूस जेवायलाही उठला नसेल. छाप खोटा म्हणजे पातं टाकाऊ असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. कुणीतरी आपल्या चांगल्या पात्यावर त्याहून मोठं नाव घातलं, एवढंच त्यातून निघतं.

त्याउलट ज्या खुणा कुणी मिरवायला घातल्या नाहीत, त्यांच्यावर तुमचा भरवसा. शस्त्रागाराच्या नोंदी, मोजदादीचे आकडे, पाठीवर किंवा मुठीवर पोगराने ठोकलेले ठिपके. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या शस्त्रांवरच्या ठिपक्यांच्या देवनागरी नोंदी तुम्ही मला फोटोंवरून अक्षर अक्षर लावून वाचायला लावल्या होत्या. 1689 साली दख्खनेतल्या अदोनीहून हाती लागलेला शस्त्रांचा साठा तिथे तसा नोंदलेला आहे, आणि म्हणून दख्खनी शस्त्रांचा काळ ठरवताना त्याचा एवढा आधार वाटतो. एका कारकुनाच्या कंटाळवाण्या कामाने केवढी सोय करून ठेवली.

कोफ्तगरीचा धडा मी विसरूच शकत नाही. भिंग हातात देऊन तुम्ही म्हणालात, सोनं बघू नका, सोनं गेलंय तिथे बघा. परजेच्या टोकावर बोटाने झिजलेली जागा होती, करंगळीच्या नखाएवढी. भिंगाखाली तिथे आडव्या-तिरप्या बारीक रेघांचं जाळं दिसलं, नांगरलेल्या शेतासारखं, आणि एका चरात सोन्याच्या तारेचा केसाएवढा तुकडा अजून अडकून होता. पोलाद असं खरवडून त्यात तार ठोकून बसवतात, म्हणून सोनं गेलं तरी खरवड मागे राहते. त्यानंतर शेजारची दुसरी मूठ दिलीत. नक्षी अगदी तशीच, पण सोनं उडालेल्या जागी खाली गुळगुळीत पोलाद. पुढे काही बोलला नाहीत, चहा मागवलात.

जौहराबद्दलही, म्हणजे पोलादाच्या अंगात दिसणाऱ्या नागमोडी नक्षीबद्दलही, तेच. मुशीत वितळवून केलेल्या दख्खनी पोलादाचं नाव जगभर झालं, 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सन याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला, पुढे मायकेल फॅरेडेही त्या पोलादाच्या नादी लागला. ही कीर्ती आता विक्रेत्यांच्या कामी येते. निरनिराळ्या पोलादांचे थर जोडून केलेली नवी पाती, नुसती आम्लाने वरवर कोरलेली नागमोडी नक्षी, सगळंच "जौहरदार" म्हणून खपतं. कोरलेली नक्षी हलक्या पॉलिशने जाते आणि पुन्हा उगवत नाही. खरं जौहर पोलादाच्या अंगातच असतं, पुसलं गेलं तरी योग्य हातांनी परत वर आणता येतं. योग्य हातांनी, हे तुम्ही दर वेळी दोनदा म्हणायचात. कारण खंडेनवमीला पात्यावर लिंबू कापून तसंच ठेवलेलं, विटकरीने घासलेलं, आणि हल्ली ग्राइंडर मारून वर निकेल चढवलेलं असं सगळं तुमच्यापुढे येऊन गेलेलं. जुना गंज काळपट-तपकिरी, घट्ट, हाताला गुळगुळीत लागतो. मिठा-आम्लाने आणलेला नवा गंज नारिंगी, भुसभुशीत आणि सगळीकडे सारखा. जुन्या काळ्या थराला हात लावायचा नाही, नारिंगी वाढत असेल तर तेवढाच तेलाने मऊ करून उतरवायचा आणि कोरडं पुसून मेणाचा पातळ हात द्यायचा. याहून जास्त काही घरी करू नये, असं मी आता लोकांना कळकळीने सांगतो. ऐकतात निम्मे.

भाले आणि कुऱ्हाडी यांच्याकडे कुणी बघत नाही, अशी तुमची तक्रार होती, आणि खरीच आहे. दोरी बांधून फेकायच्या भाल्याचं, विट्याचं, नाव सगळ्यांना माहीत, पण भाल्याची नळी कुणी उलटी करून आत बघत नाही. जुन्या नळीत लोखंड वळवून घेतल्याचा सांधा दिसतो. पाइप वेल्डिंग करून जोडला असेल तर मण्यांसारखी रेघ हाताला लागते. काठी बहुधा नंतरची असते, त्यामुळे तिच्या जुनेपणावर काही ठरवू नये. आणि "मावळ्याचा भाला" म्हणून आलेल्या किती भाल्यांच्या नळीवर इंग्रजी अक्षरांत औरंगाबादचा ठसा निघाला! साहेबांच्या डुकराच्या शिकारीचे ते भाले, काम उत्तम, पण मावळ्याशी संबंध नाही. कुऱ्हाडीत तर नेढं, म्हणजे दांड्याचं भोक, आणि पात्याची जाडी एवढंच आधी बघायचं. लाकूड फोडायची कुऱ्हाड पाचरीसारखी जाड, लढाईची तबर पातळ आणि हलकी. अंगभर कोरलेली, धार कधीच न लावलेली तबर बहुतेक वेळा दिवाणखान्यासाठीच जन्माला आलेली असते.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र. तुमच्या वहीत प्रत्येक शस्त्राला दोन रकाने असत: डावीकडे "घरात सांगतात", उजवीकडे "वस्तूवर दिसतं". डावीकडचं तुम्ही कधी खोडलं नाहीत. एका घराची तलवार "पानिपतावरून आलेली" होती, उजवीकडे तुम्ही लिहिलंत: मूठ एकोणिसाव्या शतकातली वाटते, पातं त्याआधीचं, लाख जुनी, पुढे सांगता येत नाही. घरच्यांना तुम्ही दोन्ही रकाने वाचून दाखवलेत, आणि पानिपतावरून आलं असेल तर ते पातं असू शकेल, मूठ नाही, इतकं नेमकं सांगितलंत. ते लोक नाराज होऊन गेले नाहीत. तलवार ग्राइंडरपासून वाचली, आणि आजही त्यांच्याकडेच आहे. मी असतो तर एकतर पानिपत मान डोलावून कबूल केलं असतं, नाहीतर उडवून लावलं असतं.

त्या वहीच्या पानांची तुम्ही मला दिलेली झेरॉक्स मी टंकून काढली आहे. घरांची नावं आणि गावं गाळली आहेत, मापं आणि दोन्ही रकाने जसेच्या तसे ठेवले आहेत. शस्त्रांच्या नादी लागलेली बरीच तरुण मुलं माझ्याकडे येतात, त्यांना ती द्यावी असं मनात आहे, अर्थात तुमचा होकार असेल तरच. दोन-तीन ठिकाणी तुमचं अक्षर लागलं नाही. एका तबरीच्या नोंदीत "नेढं" शब्दापुढे काहीतरी लिहून तुम्ही अधोरेखित केलंय, ते "भरलेलं" आहे की "सरलेलं"? सवडीने कळवाल का? तुम्हाला वेळ असेल तेव्हा मी मूळ वहीशी ताडून बघायला येईन. व्हर्नियर घेऊनच येतो.

तुमचा,
फोटोंना उत्तरं देणारा विद्यार्थी