मनगटावरच्या पट्टीवर काय कोरायचं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, आजार आणि औषध कोरलेली पट्टी मनगटावर घालायला तुम्ही तयार झालात, मला फार बरं वाटलं. आता ती कशी असावी आणि तिच्यावर काय कोरावं ते सविस्तर लिहिते. फोनवर अर्धं राहून जातं.

आधी मजकूर. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात. आणखी उतरली की बोलणं अडखळतं, तोल जातो, माणूस उगाच चिडतो. रस्त्यावरच्या लोकांना वाटतं, हा प्यायलेला आहे. पट्टी वाचायची आहे ती त्या लोकांनी, म्हणून पहिल्या ओळीत नाव नको, ‘डायबेटिस – इन्सुलिन’ हवं. नुसतं ‘डायबेटिस’ पुरत नाही. इन्सुलिन वाचलं की डॉक्टरांच्या मनात साखर उतरल्याची शंका आधी येते. दुसऱ्या ओळीत पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, तिसरीत दादाचा नंबर. तो गावात आहे, मी लांब, म्हणून माझा नंबर पाकिटातल्या कार्डावर. पत्ता आणि आधार क्रमांक कुठेच कोरू नका.

बाबा, तुमची जेवणाआधीची गोळी व्होग्लिबोज आहे. साध्या साखरेचं आतड्यात विघटन व्हावं लागतं आणि ही गोळी नेमकं तेच लांबवते. त्यामुळे कुणी चहात साखर घालून दिली, पेढा भरवला, तरी गुण लवकर येत नाही. तुम्हाला ग्लुकोजच लागतं. म्हणून चौथी ओळ ‘ग्लुकोज द्या’ अशी मराठीत कोरून घ्या. औषधाच्या दुकानातून साधी ग्लुकोज पावडर आणा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधा आणि दोन कायम खिशात ठेवा. एक पुडी पाण्यात घालून घ्यायची, १५ मिनिटांनी साखर तपासायची, अजून ७०च्या खाली असेल तर दुसरी. मात्र शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवून १०८ला फोन करायचा. हे कार्डावर ठळक लिहा.

आई, तू म्हणशील, मी तर नुसत्या गोळ्यांवर आहे. पण तुझ्या गोळीच्या पाकिटावर मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड लिहिलेलं आहे. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइड मात्र जेवण झालेलं असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. शिवाय एकदा वर आणलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून दवाखान्यात हे नाव कळायलाच हवं. तुझ्या पट्टीवर ‘डायबेटिस – ग्लिमेपिराइड’. आणि एकादशीच्या आधी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठेव, स्वतःच्या मनाने नको.

धातू स्टेनलेस स्टीलच घ्या, ३१६एल दर्जाचं. घामाने, साबणाने ते सहसा गंजत नाही. चांदी काळी पडते आणि अक्षरं बुजतात, शिवाय दागिना समजून दवाखान्यात आधी काढून ठेवली जाते. निकेलने खाज येत असेल तर टायटॅनियम. अक्षरं छापलेली नकोत, खोल कोरलेली हवीत. नखाने चाचपली तर खाच लागली पाहिजे. आजार, औषध आणि अ‍ॅलर्जी इंग्रजीत, कारण कुठलाही डॉक्टर ते वाचेल. मराठी ओळीचा नमुना आधी कागदावर मागवा. कोरणाऱ्यांच्या संगणकात कधीकधी जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. आकडे मात्र इंग्रजीच ठेवा. क्यूआर कोडवर भिस्त नको: नेटवर्क नसलं किंवा कंपनी बंद पडली की पट्टी मुकी.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा हात थोडा सुजलेला असतो. मनगटाच्या हाडाच्या वरच्या बाजूला दोरा गुंडाळून तो फूटपट्टीवर मोजा आणि त्यात १ ते दीड सेंटीमीटर मिळवा. बाबा, तुमच्या बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे घट्ट झालेलं चटकन कळणार नाही; आठवड्यातून एकदा खाली वळ उठलाय का बघा. चुंबकाची कडी नको, कपड्यात अडकून निसटते. घड्याळासारखी दुमडून बसणारी घ्या. एमआरआयच्या वेळी ती काढावीच लागेल.

आणि बाबा, उजव्या हातातलं तांब्याचं कडं आणि देवळातला लाल दोरा दोन्ही डाव्या हातात घाला. त्यांच्याखाली पट्टी झाकली जाते, आणि नाडी बघणाऱ्याला कडं आणि दोरा तेवढे दिसतात. आई, तुझ्या बांगड्यांतही ती हरवेल. तुझ्यासाठी घड्याळाच्या पट्ट्यात ओवायची कोरीव चकती घेऊ.

पाकिटातल्या कार्डावर सगळ्या औषधांची नावं, डोस आणि तारीख हवी. औषध बदललं की कार्ड नवं. फोनच्या लॉक स्क्रीनवरची आणीबाणीची माहिती दादाकडून भरून घ्या, पण ती पट्टीच्या जागी नाही, जोडीला.

दोघांच्या मनगटांची मापं आणि सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मला पाठवा. मजकुराचा कच्चा नमुना मी करते, डॉक्टरांना दाखवून मगच कोरायला देऊ.

तुमची,
छकुली