थर वाचायचा तो सांध्यावर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की विद्यार्थ्यांच्या सहली सिंहगड, कात्रजच्या वाटेला लागतात. ‘खालचा खडक जुना, वरचा नवा’ एवढे मुलांना पाठ असते. निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये मांडलेला हा नियम खराच आहे, पण तो नुसत्या उंचीवरून लावला की फसगत होते. मुठेकाठचा गाळ वेताळ टेकडीच्या कातळाहून कितीतरी खाली आहे, म्हणून तो जुना ठरत नाही. कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. नदीने तो कोरला आणि मग गाळ आणून टाकला. कठीणपणावरही जाऊ नये. मऊ मुरूम आणि टणक काळा दगड अनेकदा एकाच लाव्ह्याचे असतात.

पाहायचा असतो तो दोन थरांचा सांधा. घाटात दोन काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो. आधी त्याची खालची कड पाहावी. ती ठळक नसते; तांबडा रंग कुजलेल्या खडकात हळूहळू विरत जातो आणि मातीत खालच्याच खडकाचे न कुजलेले गोळे सापडतात. वरची कड मात्र सुरीने कापल्यासारखी. तिथली माती वरून आलेल्या लाव्ह्याने भाजून घट्ट झालेली असते. म्हणजे खालचा लाव्हा थिजला, उघड्यावर कुजला, मग दुसरा आला. पट्टा जाड म्हणजे मधला काळ मोठा, असा हिशेब मात्र करू नये. वाहून आलेली राख-माती साचूनही तो जाडावतो.

तांबडा पट्टा नसेल तेथे वायूच्या बुडबुड्यांच्या भोकांवर विसंबावे लागते. लाव्ह्याच्या माथ्याला भोके दाट, गाभा भरीव, बुडाशी कधी पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. आपल्याकडचा लाव्हा पुष्कळदा लहान-लहान जिभांनी पसरला आहे; भोकांचा प्रत्येक पट्टा नवा प्रवाह धरला, तर एकाचे पाच होतात. शिवाय दुधावर साय धरावी तसा माथा आधी थिजतो आणि त्याला उचलत तप्त लाव्हा खाली शिरत राहतो. एकाच प्रवाहात वरची साय मधल्या गाभ्याहून वयाने मोठी असते ती यामुळे.

खालून भेगेत घुसून थिजलेल्या लाव्ह्याची उभी भिंत थरांना छेदून गेली असेल, तर ती छेदलेल्या सगळ्यांहून धाकटी. तिच्या माथ्यावरचा थर तिच्याहून नवा म्हणायचा, तो माथा झिजलेला दिसला तरच. नाहीतर लाव्हा तिथवर चढून थांबला, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून एक कळकळीची विनंती. घाटरस्ते रुंद करताना कापलेली दरड जाळी आणि सिमेंटच्या फवाऱ्याने झाकून टाकतात. तांबडा पट्टा भिजला की मऊ होतो आणि वरचे दगड सुटतात, त्यामुळे बंदोबस्त हवाच. पण उतार धोक्याचा नाही अशा जागी, रस्त्यापासून हटून, पट्ट्याच्या दोन्ही कडा दिसतील असा चार-पाच मीटरांचा तुकडा उघडा ठेवावा आणि पाणी वळवायला वरच्या अंगाला चर खणावा. विद्यार्थ्यांनीही तिथे हातोडा चालवू नये. बाटलीतले थोडे पाणी मारले तरी कड स्वच्छ दिसते.

आपले नम्र,
भूविज्ञानाचे अध्यापक, पुणे