‘आडनाव काय म्हणालात?’

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीच्या फाटकावर पाटी लागली आहे: ‘फ्लॅट भाड्याने देणे. फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी.’ त्यावरून आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत वादावादी झाली. ‘मराठी माणसाला मुंबईत जागा नाकारतात’ या मुद्द्यावर सगळे तावातावाने बोलले. मीही बोललो. घरी आल्यावर मात्र जीभ चावली, कारण मी स्वतः नऊ वर्षे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि पाटी न लावता काय काय करता येते, हे मला चांगले ठाऊक आहे.

घर भाड्याने मागायला माणूस आला की ब्रोकरचा पहिला प्रश्न नोकरीचा नसतो, आडनावाचा असतो. त्यावरून त्याला सगळे कळते. मुसलमान असेल तर ‘मालक गावाला गेलेत’, दलित असेल तर ‘नॉनव्हेज चालत नाही’, आणि एकटी मुलगी असेल तर ‘फॅमिली हवी’. यातल्या प्रत्येक उत्तरामागे कुठेतरी देव उभा केलेला असतो. आवारात मंदिर आहे, वरच्या मजल्यावर आजींचे सोवळे आहे, शेजारी चातुर्मास पाळतात. जात किंवा धर्म बघून नाकारले असे म्हटले तर माणूस वाईट दिसतो. श्रद्धेसाठी नाकारले म्हटले की तोच माणूस सात्त्विक दिसतो.

संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवून. ही अट कुणी मागाहून डकवलेली नाही, अनुच्छेदाची सुरुवातच तिने होते. ती लिहिणाऱ्यांमध्ये असा एक माणूस होता, ज्याने भाड्याच्या खोलीचा प्रश्न स्वतःच्या अंगावर झेलला होता.

१९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली डझनभर माणसे जिन्यावर आली. धर्मशाळा बाटवली, संध्याकाळपर्यंत निघ, एवढेच त्यांचे म्हणणे. मग ते एका हिंदू स्नेह्याकडे गेले. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. पुढे एका ख्रिस्ती स्नेह्याकडे गेले. तो म्हणाला, बायकोला विचारावे लागेल. दोघेही नवराबायको मूळचे ब्राह्मण कुटुंबातले. धर्म बदलला तरी पंक्ती तशाच राहिल्या होत्या. मुंबईची गाडी रात्री होती, तोवरचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बडोद्यात तीन धर्मांची माणसे होती आणि जागा नाकारण्याच्या बाबतीत तिघांचे एकमत होते. मला ही हकिकत पाठ आहे, तरी मी सेक्रेटरी असताना ती एकदाही आठवली नाही, हे विशेष.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. तिथे धर्म, जात, लिंग पाहून कुणाला अडवता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ हा शब्द आपण व्यापक अर्थाने वापरतो आहोत, पैसे देऊन सेवा घेण्याची कोणतीही जागा त्यात येते, असे डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले होते. पण भाड्याचे घर त्यात येते का, हा प्रश्न लोंबकळत राहिला. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला आडकाठी करणे गुन्हा आहे. म्हणून तर कुणी जात बोलत नाही, मटण बोलतात. दुसरीकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला, सभासद पारशीच असावेत हा उपविधी ठेवण्याची मुभा दिली. न्यायालयाचा आधार संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा होता. पारशांची संख्या पाहता त्यांची भीती मला समजते. पण त्या निकालाचा आधार घेऊन उद्या प्रत्येक जातीने आपापला टॉवर बांधला, तर सहकार या शब्दाचे काय करायचे?

‘आमचे घर, आमची मर्जी’ असे मित्र म्हणतात. त्यात तथ्य आहेच. माझ्याच घरातली एक खोली मी कुणाला देत असेन, ओटा आणि फ्रिज एकच असेल, तर माझ्या चुलीचे नियम मी ठरवीन. पण स्वतंत्र दार असलेला फ्लॅट बाजारात मांडायचा, जाहिरात द्यायची, डिपॉझिट घ्यायचे, आणि मग श्रद्धा आठवायची, हे वेगळे. वासाचा, कचऱ्याचा त्रास असेल तर त्याला नियम आहेत. ते बोंबिलाला लागू आहेत तसे हिंगाच्या फोडणीलाही असावेत.

आमच्या शेजारी एक जैन गृहस्थ तीस वर्षे राहिले. कांदा-बटाटा नाही, सूर्यास्तानंतर घास नाही. आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. (सोमवारी नाही. तो आमचाही धर्म.) त्यांनी कधी नाक मुरडले नाही, दार लावून घेत. अहिंसा त्यांच्या ताटात होती.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलमधल्या एका लहानशा हॉटेलच्या ख्रिस्ती मालकांनी २००८ मध्ये दोन पुरुषांना डबलबेडची खोली नाकारली. लग्न न झालेल्या कुणालाच देत नाही, हा आमच्या श्रद्धेचा भाग आहे, असे ते म्हणाले. श्रद्धा प्रामाणिक होती, त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. तरीही २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. धंदा लोकांसाठी उघडला की लोकांमधून निवड करता येत नाही, इतकी साधी ती गोष्ट होती. आपल्याकडे मात्र घरांच्या बाबतीत असा स्पष्ट कायदाच नाही. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये, भेदभावाच्या तक्रारींसाठी समान संधी आयोग नेमण्याची शिफारस केली होती, ती आजही मागेच पडलेली आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, मग भाड्याच्या घरांसाठी का करू नये? आमच्या आमदारांना मी हे पत्राने कळवले आहे, उत्तर यायचे आहे.

आता आमच्या सोसायटीचे सांगतो. पंधरा वर्षे झाली असतील. चौथ्या मजल्यावरच्या सभासदाची बदली झाली, त्याने भाडेकरू आणला. नवरा-बायको दोघेही रुग्णालयात कामाला, ती रात्रपाळीची परिचारिका. पोलिसांचा फॉर्म भरला होता. नाव वाचून कमिटीत शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, ‘फॅमिली चांगली आहे हो, पण आवारात गणपती बसतो आपला.’ मी मिनिट्समध्ये कारण लिहिले नाही. ‘एनओसी प्रलंबित’ एवढेच लिहिले. ते पुढे मुंब्र्याला गेले, असे ब्रोकर म्हणाला. १९९२-९३च्या मुंबईतल्या दंगलींनंतर मुंब्र्याची मुसलमान वस्ती का आणि कशी फुगली, हे आपण सोयीस्कर विसरतो आणि वर म्हणतो, ‘हे लोक एकत्रच राहतात.’

त्या नवऱ्याने मला दोनदा फोन केला होता. दुसऱ्या वेळी त्याने विचारले, ‘काका, एखादा कागद कमी पडतोय का?’

मी म्हणालो, ‘नाही, कागद सगळे आहेत. विषय कमिटीत आहे.’

आपला एक जुना वाचक,
डोंबिवली (पूर्व)