मूठभर तांदूळ बाजूला काढणाऱ्या मिझो भगिनींना

मिझोरामच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील प्रिय भगिनींनो,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

सकाळ-संध्याकाळ भात टाकण्याआधी तुम्ही मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात काढता. मंडळीतल्या बायका घरोघरी जाऊन तो गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा देवाच्या कामाला लागतो. १९१०पासून चालत आलेलं हे तुमचं ‘बुहफाई थाम’. जिच्या हाती रोख पैसा नाही, तिलाही स्वतःच्या हाताने देता येतं, यासाठी आधी तुमचे आभार.

ही रीत आमच्या मराठी मंडळीनेही घेतली. अर्पण मोजण्याचं काम आमच्याकडे असल्यामुळे तुमच्या शहाणपणाची किंमत आम्हांला रोज कळते. मूठ आधी काढायची, हा त्यातला गाभा. जेवणं उरकल्यावर उरेल ते देऊ म्हटलं, की डबा रिकामाच राहतो. प्रेषित पौलानेही करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून हेच सांगितलं होतं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा, मी आल्यावर वर्गणी नको. ऐनवेळी मागितलं की माणूस भिडेपोटी देतो, आणि भिडेपोटी दिलेलं पौलाला नकोच होतं.

एक मूठ म्हणजे साधारण चाळीस ग्रॅम. दोन वेळच्या दोन मुठी धरल्या, तर महिन्याला एका घरचे अडीच किलो आणि पन्नास घरांचा सव्वा क्विंटल! लहान हाताची मूठ लहान भरते, ती तशीच घ्यावी. जे आपल्याजवळ आहे त्यावरून दान मान्य होतं, नाही त्यावरून नव्हे.

मूठ तांदूळ धुण्याआधी, कोरड्या हाताने काढावी. ओल्या हाताचे चार दाणेही डब्याला बुरशी आणतात. डबा घट्ट झाकणाचा हवा, आणि दर आठवड्याला रिकामा करून पुसायला हवा. तळाशी जुने दाणे राहिले की सोंडे नव्या तांदळात शिरतात. ज्वारी-बाजरीच्या घरांतून धान्यच घ्यावं, पीठ नको, कारण बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत कडू होतं. इंद्रायणी आणि कोलम एका पोत्यात ओतू नयेत; दोन्ही एकसारखे शिजत नाहीत, मग भावही पडतो. रेशनचं धान्य विकायचं नसतं. ते कोणी प्रेमाने दिलंच तर विक्रीच्या पोत्यात मिसळू नये, मंडळीच्या जेवणात शिजवावं.

गोळा करायला नेहमी दोघींनी जावं. वजन देवळात दोघांसमोर करावं, एकूण आकडा वहीत लिहावा आणि रविवारी वाचून दाखवावा. पण कोणत्या घराने किती दिलं, हे लिहूही नये. घरवार यादी भिंतीवर लागली की गरीब घर ओशाळतं आणि सधन घर शेजारच्या आकड्यापुरतं देऊन थांबतं. जेरुसलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना पौलानेही मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली होती, कोणी बोट दाखवू नये म्हणून. देणाऱ्याचं नाव झाकलेलं आणि हिशेब उघडा, या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणं आम्हांला अजूनही सर्वांत अवघड वाटतं.

हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या भक्तीला, आमच्याकडे वेदीपुढे धान्य, भाज्या, कोंबड्या येतात आणि भक्तीनंतर लिलाव होतो. तो आनंद वर्षातून एकदाचा. रोजच्या स्वयंपाकात देण्याला जागा करून दिलीत, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

ख्रिस्तात तुमचे ऋणी,
एका मराठी मंडळीचे अर्पण मोजणारे