स्पीकर लावून पक्षी दाखवणाऱ्यांस

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत ऊटीच्या शोलाकिली पक्ष्यावरचा लेख वाचला. लेखकाचा उत्साह दांडगा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवा, पाच मिनिटांत पक्षी समोर हजर’ ही चौकटीतली टीप वाचून कपाळाला हात लावला.

हा प्रकार कोटागिरीजवळच्या एका शोलात, म्हणजे डोंगरघळीतल्या दाट जंगलात, मी डोळ्यांनी पाहिला आहे. एप्रिलअखेरची सकाळ, धुकं अजून हललं नव्हतं. पायवाटेच्या कडेला झुडपांच्या बुडाशी नर किडे वेचत होता. निळसर राखाडी, कुशीला तांबूस. दोन उड्या मारायचा, थांबायचा, पाचोळ्यात चोच खुपसायचा. तेवढ्यात मागून एक टोळकं आलं. म्होरक्याने ब्लूटूथ स्पीकर दगडावर ठेवून शोलाकिलीचीच शीळ लावली. झालं! आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला म्हणून तो बिचारा खाणं टाकून स्पीकरभोवती घिरट्या घालू लागला. शीळ थांबली की पुन्हा लावायची, कारण कुणाचा तरी फोकस चुकलेला! ‘आता पुरे करा’ म्हटलं तर उत्तर आलं, ‘काका, तुम्हाला फोटो नको असेल तर पुढे व्हा ना.’ मी पुढे झालो नाही. मुद्दाम त्यांच्या फ्रेममध्येच उभा राहिलो.

एप्रिल ते जून हा त्याच्या विणीचा काळ. शोला म्हणजे काही सलग पसरलेलं अरण्य नव्हे. गवताळ डोंगरांच्या घळींत उरलेले तुकडे आहेत ते. भोवतीच्या गवतावर इंग्रजांच्या काळापासून निलगिरीची झाडं आणि वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) लावून ठेवलेत. हा पक्षी दाट सावलीतला, जमिनीलगतचा. रोज कुणी ना कुणी येऊन खोटा शत्रू उभा करणार, तर त्याने पिल्लांना चारायचं कधी? लेखाच्या शेवटी ‘निसर्ग जपा’ असंही छापलंय. वा!

जाता जाता आणखी एक. लेख ऊटीचा, पण वरचा मोठा फोटो तिथल्या पक्ष्याचा नाहीच. त्याच्या कुशीला तांबूस रंगाचा पत्ता नाही. तो पालघाट खिंडीच्या दक्षिणेचा, कोडाईकनाल-मुन्नारकडचा पांढऱ्या पोटाचा शोलाकिली. २०१७ साली या पक्ष्यांसाठी ‘शोलिकोला’ ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) ठरवण्यात आली. खिंडीच्या अलीकडची आणि पलीकडची अशा जाती वेगळ्या आहेत. फोटो निवडणाऱ्याने एवढं तरी पाहायचं होतं.

मागे एकदा धनेशाच्या फोटोबद्दल कळवलं होतं, तेव्हा दुरुस्ती शब्दकोड्याच्या उत्तरांखाली बारीक टायपात आली. या वेळी ती पुरवणीच्या पहिल्या पानावर घ्यावी, आणि आवाज वाजवण्याची टीप मागे घेतल्याचंही त्यातच स्पष्ट लिहावं.

आपला,
एक नियमित वाचक